जुनी गाडी एक्स्चेंजला देण्याआधी

गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये मी भोपाळच्या एका शोरूमला माझी अकरा वर्षांची स्कूटर एक्स्चेंजमध्ये दिली. सेल्समनने तिच्याभोवती एक चक्कर मारली, चालू करून पाहिली आणि नऊ हजार रुपये सांगितले. नव्या गाडीच्या किमतीतून नऊ हजार कमी झाले. वर एक हेल्मेट फुकट मिळालं. नारळ फोडा म्हणाले, मी नको म्हटलं. फोटो मात्र काढला. जुनी गाडी चांगली चालू होती. ब्रेक बरे होते, बॅटरी मागच्याच वर्षी बदललेली होती. तिच्याकडे मी वळूनही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात गावी आत्याला फोन केला तेव्हा कळलं, आतेबहिणीची नोकरी गेली. ती बी. ए. आहे, तिच्या घरातली पहिली पदवीधर. बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामावर होती. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस वर्धा रोडच्या फाट्यावर पहाटे सहाला येते. आमची वस्ती फाट्यापासून चार किलोमीटर आत. गावात येणारी पहिली एसटी सव्वासातची. इतके दिवस आत्याचे यजमान तिला सायकलवर सोडायचे. त्यांचा गुडघा गेला. मग ती एकटी पायी निघू लागली, अंधारात, पाच वाजता. फोनवर ती म्हणाली, "ताई, बस चुकली का खाडा. तीन खाडे झाले तं ठेकेदार म्हणते, उद्यापासून येऊ नको."

मी तिची नोकरी नऊ हजारांत विकली असं म्हणणं खोटं होईल. तिची अडचण मला ठाऊकच नव्हती. पण ठाऊक नव्हती, हीच तर गोष्ट आहे. मी आठवड्याला फोन करते. आत्याची शुगर विचारते, भावाचा अभ्यास विचारते. "कामावर जातेस कशी?" हा प्रश्न मला कधी सुचला नाही. मी स्वतः चौदा किलोमीटर सायकल आणि एसटी करून शिकले, तरीही.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी तुम्ही पहिले पदवीधर असाल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आता दुसरी गाडी आली असेल, आणि पहिली सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असेल. त्या पहिल्या गाडीविषयी मला बोलायचं आहे.

आपल्या माणसांच्या बाबतीत काम आणि घर यांच्यातलं अंतर हे निव्वळ भूगोलाचं अंतर नसतं. बसथांबा ग्रामपंचायतीसमोर असतो, वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. आता काम गावातही राहिलेलं नाही. ते हायवेवर, एमआयडीसीत, बायपासच्या गोदामांत गेलं आहे. ज्याला शहरात खोली मिळते तो कामाजवळ राहायला जातो. आपल्याला खोली शोधताना आडनाव विचारतात, मग 'पूर्ण नाव', मग 'खाता काय'. भोपाळमध्ये मी स्वतः पाच घरं पाहिली तेव्हा सहावं मिळालं, आणि माझ्याकडे सरकारी नोकरीचं ओळखपत्र होतं. पॅकिंगवाल्या पोरीला कोण देणार? म्हणजे आधी जात आपल्याला कामाजवळ राहू देत नाही, आणि मग उशीर झाला म्हणून आपलीच हजेरी कापली जाते.

अमेरिकेत जॉन केन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६८ साली शिकागो आणि डेट्रॉइट या शहरांची आकडेवारी घेऊन जवळपास हेच मांडलं. काळ्या लोकांना ठरावीक वस्त्यांबाहेर घर मिळू द्यायचं नाही आणि कारखाने मात्र शहराबाहेर हलवायचे, यात त्यांचा रोजगार बुडतो. त्याच्या या मांडणीवर पुढे कित्येक वर्षं वाद झाले. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला ते सांगितलं तर ती म्हणेल, यात नवीन काय?

बाबासाहेबांच्या आठवणींच्या त्या छोट्या पुस्तिकेत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये, वाहनाचे दोन प्रसंग आहेत. आपण ते अपमानाचे प्रसंग म्हणून वाचतो. मी विमा कार्यालयात वाहनांच्या दाव्यांवर काम करते, म्हणून असेल, मला ते वाहतुकीचे प्रसंग म्हणूनही दिसतात. पहिला १९०१ चा. मसूर स्टेशनवर उतरलेली चार मुलं, चांगले कपडे घातलेली, खिशात भाड्याचे पैसे असलेली. जात कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल, या अटीवर बैलगाडी मिळाली. दुसरा १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, मुंबईच्या विधिमंडळात होते, सरकारच्या समितीचे सदस्य होते. टांगेवाले त्यांना महारवाड्यात न्यायला तयार झाले नाहीत. टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही, असा तोडगा निघाला. वस्तीतल्या ज्या माणसाने टांगा हाकला त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

दोन्ही वेळा पैसे होते आणि वाहनही समोर उभं होतं. अडलं ते दुसऱ्याच्या मर्जीवर. म्हणून वस्तीत स्वतःच्या मालकीचं वाहन असणं ही चैन नाही. गावालाही ते कळतं, म्हणून तर गाव चिडतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो या रागातून एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. वार हातांवरच झाले, हे लक्षात घ्या.

कामावर जाण्यासाठी गाड्या देणं, ही गोष्ट जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत चांगली कुठे झाली, तर माझ्या मते मॉन्टगोमेरीत. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं हे शहर. रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली, ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालला, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या ३८१ दिवसांत ती माणसं कामावर कशी गेली, हे आपण विचारत नाही. बसने जाणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. वस्ती एकीकडे, मालकिणीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. कामावर नाही गेलं तर पगार नाही, आणि पगार नाही तर बहिष्कार आठवडाभरही टिकला नसता.

मग ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी त्या बाहेर काढल्या. शिक्षक, पाद्री, टपाल खात्यातले लोक, दुकानदार, म्हणजे त्या समाजातले तुमच्या-माझ्यासारखे. सुमारे तीनशे गाड्या धावत होत्या. कुठून किती वाजता कोणाला घ्यायचं, याची ठिकाणं आणि वेळा ठरलेल्या होत्या. जो अॅन रॉबिन्सन या बाईंचं नाव मी मुद्दाम घेते. त्या तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. बारा भावंडांतल्या धाकट्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री कॉलेजच्या यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रकं काढणाऱ्या त्याच. आणि रोज वर्ग संपवून त्या आपली स्वतःची गाडी घेऊन बायकांना ने-आण करायच्या. त्यांच्या गाडीवर अॅसिड ओतलं गेलं. पत्रा जागोजागी खाल्ला गेला. ती तशीच गाडी त्या चालवत राहिल्या.

पुढे देशभरातून आलेल्या देणग्यांतून मोठ्या गाड्या घेतल्या आणि त्या चर्चच्या नावावर नोंदवल्या. लोक त्यांना 'चालती चर्च' म्हणायचे. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी इतर बायकांना जमवून जेवणाचे डबे, केक, पाय करून विकले आणि आठवड्याच्या आठवड्याला सभेत पैसे आणून दिले. गोऱ्या मालकिणींना पत्ता लागू नये म्हणून त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिलं, 'कुठूनच न आलेल्यांचा क्लब'. त्या पैशांतून पेट्रोल आलं. सरकारने काय केलं? पोलिसांनी किरकोळ कारणांवरून चालकांना दंड लावले. मार्टिन ल्यूथर किंग यांना २५ मैलांच्या हद्दीत ३० च्या वेगाने गाडी चालवली म्हणून अटक झाली. आणि विमा रद्द झाला. माझं खातं हे असल्यामुळे मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो: चळवळ मोडायची तर मोर्चावर लाठी चालवण्याआधी गाडीचा विमा काढून घ्यायचा. शेवटी अटलांटातल्या एका काळ्या विमा एजंटाने लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. न्यायालयाने गाड्यांची ही व्यवस्थाच बेकायदा ठरवून थांबवली ती १३ नोव्हेंबर १९५६ ला. त्याच दिवशी बसमधली विभागणी घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

याच वर्षी, १८ मार्च १९५६ ला, बाबासाहेब आग्र्याला शिकलेल्यांविषयीची आपली खंत बोलून गेले. ते भाषण आपण दर वर्षी एकमेकांना फॉरवर्ड करतो. पुढे बोलत नाही.

नंतरच्या काळात अमेरिकेत हेच काम संस्थांनी वेगळ्या पद्धतीने केलं. १९९६ साली व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये हॅल कोल्स्टन यांनी 'गुड न्यूज गराज' सुरू केलं. लोकांनी दिलेल्या जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि कामावर जायला साधन नसलेल्या कुटुंबांना द्यायच्या. त्याच वर्षी तिथे कल्याणकारी मदतीचा कायदा बदलला होता. मदत हवी तर काम करा, अशी सक्ती आली होती. कामावर जायचं कसं, हे कायद्याने सांगितलं नव्हतं. १९९९ पासून मेरीलँडमध्ये 'व्हेइकल्स फॉर चेंज' ही संस्था असंच काम करते. तिच्या गराजात तुरुंगातून सुटून आलेल्यांना मेकॅनिकचं शिक्षणही मिळतं. तिथल्या करकायद्यातली एक गोष्ट मला आवडली. गाडी दान केल्यावर करात सवलत मिळते म्हणून लोक भंगार गाड्यांच्या वाटेल त्या किमती लावायचे. २००५ पासून नियम बदलला. संस्थेने गाडी लिलावात विकली, तर लिलावात जेवढे आले तेवढीच सवलत. पण गाडी गरजू माणसाला वापरायला दिली, तर तिच्या पूर्ण बाजारभावाएवढी. गाडी कोणाच्या हातात गेली हे कायदा विचारतो. आपल्याकडे ८०जी खाली वस्तू दिल्याची सवलतच मिळत नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

अमेरिका जशीच्या तशी इथे आणा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे शंभर घरांत आठेक घरांकडेच कार आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून दिसलं. जुनी कार वस्तीतल्या घराला दिली तर ती पेट्रोलवर आणि टायरवर त्या घराला खाऊन टाकेल. आपला प्रश्न दुचाकीचा आहे आणि काही वेळा साध्या सायकलचा. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आणि मुलामुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. पण शाळा झाल्यावर? सायकल शाळेपुरतीच.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. हे सगळं सरकारचं काम आहे, गाड्या वाटत बसलो तर बस कोण मागणार? बस मागितलीच पाहिजे. दिल्लीने २०१९ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये, कर्नाटक आणि तेलंगणाने २०२३ मध्ये बायकांना बसप्रवास मोफत केला. महाराष्ट्रात २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. घरकाम, सफाई, कापडदुकान, नर्सिंग होम अशा कामांवर जाणाऱ्या बायकांच्या हातात यातून थेट पैसे राहतात. मी या योजनांच्या बाजूने कुठेही भांडायला तयार आहे. पण पहाटे पाचला जी बस येतच नाही, तिचं तिकीट मोफत असून उपयोग काय? आणि मॉन्टगोमेरीच्या लोकांनी गाड्या चालवल्या त्या बसमधला हक्क सोडून देण्यासाठी नव्हे. तो हक्क मिळेपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. तो माझ्या आईने घेतला. मी तिला म्हटलं, आता कोणी जुनी स्कूटर देत असेल तर ताईसाठी घेऊया. आई म्हणाली, "उतरलेलंच घ्यायचं का अजून?"

माझ्या आजीला पाटलाच्या वाड्यातून जुनी लुगडी मिळायची. उरलेलं अन्न मिळायचं. लुगडं मिळालं की पुढचे चार दिवस अंगण सारवायला बोलावणं यायचं, आणि त्याला मजुरी नसायची. लुगडं दिलंय ना. वापरून झालेली वस्तू खाली देणं, ही आपल्या समाजव्यवस्थेतली नेहमीची रीत. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला ओझं. 'दान' हा शब्दच आपल्या कानाला खडा लागतो तो उगाच नाही. म्हणून मी या लेखात शक्यतो 'देणं' म्हणते आहे.

मी आईला दिलेलं उत्तर इथेही देते. त्या लुगड्यावर आजीची मालकी कधीच नव्हती. ते कधीही काढून दाखवता येत होतं. गाडीला कागद असतो. ज्या दिवशी आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढतं त्या दिवशी ती गाडी तिची. ती विकू शकते, गहाण ठेवू शकते, देणाऱ्याशी भांडण झालं तरी चालवू शकते. नाव चढवून दिलेली गाडी आणि 'घे, चालव काही दिवस' म्हणून किल्ली हातात ठेवलेली गाडी, यांत मला वाड्यावरच्या लुगड्याइतकाच फरक दिसतो. आपल्यातले बरेच जण दुसरं करतात. भाच्याला गाडी देतात आणि आरसी स्वतःकडे ठेवतात. प्रेमाने देतात, पण मालकी सोडवत नाही. किंवा आरटीओत जायचा कंटाळा.

हा कंटाळा किती महागात पडतो ते मी रोज फायलींत पाहते. एक फाईल सांगते, ओळख लागेल असं काही न सांगता. निवृत्त शिक्षक, आपल्यातलेच. पुतण्याला मोटरसायकल दिली, कामावर जायला. नाव बदललं नाही. दोन वर्षांत विमा संपला, दोघांनाही वाटलं दुसरा भरेल. पुतण्याच्या गाडीने एका वृद्धाला धडक दिली. नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस शिक्षकांना आली, कारण कागदावर मालक तेच. पेन्शनीतून हप्ते बांधून द्यायची वेळ आली. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच केलं: गाडी मध्ये कितीही हातांत गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो मालक धरला जाईल आणि भरपाई त्याच्यावर येईल.

म्हणून देताना हे एवढं करा. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दोघांच्या सह्यांनी भरून द्या. त्याच राज्यात गाडी देत असाल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा घेणाऱ्याच्या नावावर करून घ्या. त्यालाही १४ दिवस आहेत. किमान थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय किल्ली हातात देऊ नका. दुसऱ्या राज्यात द्यायची तर आरटीओची एनओसी लागते आणि चकरा वाढतात, त्यामुळे भोपाळची गाडी नागपूरला पाठवण्यापेक्षा नागपूरची नागपूरलाच शोधा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर ते आधी सांगा. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी दुचाकीला ३०० वरून १००० आणि कारला ६०० वरून ५००० झाली आहे; वर फिटनेसची तपासणी. ब्रेक, टायर, बॅटरी तुमच्या खर्चाने करून द्या. मोडकी गाडी देणं म्हणजे आपलं भंगार त्यांच्या दारात नेऊन टाकणं. आणि फोटो काढू नका. शोरूममध्ये मी काढला तेवढा पुरे.

फुकट द्यायची की थोडे पैसे घ्यायचे? मला वाटतं, घ्यावेत. आत्याने ते आग्रहाने मागितलंच. महिन्याला पाचशे, आठ महिने. तिला बरं वाटलं, आणि उद्या कोणी विचारलं तर विकत घेतली म्हणून सांगता येतं. पण ज्या घरात पाचशेही निघत नाहीत तिथे हा नियम लावायचा हट्ट करू नये.

माझ्या बहिणीचं काय झालं ते सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे. मी आमच्या समाजकल्याण वसतिगृहाच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर विचारलं, कोणाकडे न वापरलेली दुचाकी आहे का? दोन दिवसांत अकरा निघाल्या. अकरा! नागपूर, पुणे, हैदराबाद, एक तर रायपूरला. त्यांतल्या कागद धड असलेल्या फक्त तीन. नागपूरची एक गाडी मिळाली. मी उत्साहाने बहिणीला फोन करून हिशेब सांगायला लागले: कंपनी बावीस किलोमीटर, जाऊन-येऊन चव्वेचाळीस, लिटरभर पेट्रोल, ते शंभराच्या वर, महिन्याला सव्वीस दिवस. पगार तेरा हजार. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, मले कंपनीपर्यंत नाही पाहिजे. फाट्यापर्यंतच पाहिजे. तिथून बस हाये ना."

मी हा विचारच केला नव्हता. गाडी म्हणजे दारातून ऑफिसच्या दारापर्यंत, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. तिला चार किलोमीटर हवे होते. सायकलनेही भागलं असतं, पण दुसऱ्या शिफ्टहून ती रात्री साडेअकराला फाट्यावर उतरते आणि त्या रस्त्याला दिवे नाहीत. स्कूटरचा दिवा आणि वेग दोन्ही तिला पाहिजे होते. तेव्हा देण्याआधी विचारा. आपण शिकलेले लोक विचारायच्या आधी हिशेब मांडतो.

आणखी एक अडचण मला दिसली नव्हती ती म्हणजे गाडी फाट्यावर ठेवायची कुठे. तिथे तीन टपऱ्या आणि एक हॉटेल. हॉटेलवाल्याने जागा नाही म्हटलं. तिथे गावातल्या इतरांच्या पाच-सहा गाड्या रोज उभ्या असतात. पंक्चरवाल्या चाचांनी महिन्याला दोनशेवर ठेवून घेतली. आता वस्तीतल्या आणखी दोघी तिच्या मागे बसून फाट्यापर्यंत येतात. तिघी एका स्कूटरवर हे बरोबर नाही, दंड होईल, हे मी सांगून झालं आहे. ती दोन फेऱ्या करते म्हणते. करत असावी. त्या दोघींकडून पैसे घेऊ नको हेही सांगितलं. भाडं घेतलं की ती खासगी गाडी राहत नाही, परवाना लागतो, आणि अपघात झाला तर विम्यात अडचण येते. पेट्रोल मात्र तिघी मिळून टाकतात.

गावात बोलणारे बोलतात. रात्री बाराच्या सुमारास गाडीवरून येणारी पोरगी. आत्याला पहिल्या महिन्यात दोनदा कोणीतरी सुनावून गेलं. आत्याने सांगितलं, "पायी येत होती तवा कोणी सोबत आलं नाही." यावर माझ्याकडे जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

एकेका घराने एकेक गाडी देण्यापलीकडे जायचं असेल तर कोणीतरी यादी ठेवायला लागेल. कोणाकडे काय उभं आहे, कोणाला कुठून कुठवर जायचं आहे, कागद कोण करून देईल, महिन्यातून एकदा गाडी कोण बघेल. बामसेफ १९७८ साली उभी राहिली तीच मुळी नोकरी मिळालेल्यांनी समाजाला परत द्यावं या विचाराने, आणि कांशीराम साहेबांनी १९८३ मध्ये डीएस-४ ची यात्रा काढली ती सायकलींवर. तेव्हा आपल्याकडे सायकलीच होत्या. आज वसतिगृहांचे ग्रुप आहेत, कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, विहार समित्या आहेत. वस्तीत एखादा मेकॅनिक असतोच, आणि आरटीओत आपला एखादा क्लार्कही असतो. जयंतीत डीजेवर किती जातात ते आपल्याला माहीत आहे. त्यावरून आज भांडण काढायचं नाही, पण त्यातल्या एका संध्याकाळच्या पैशांत तीन स्कूटरचे टायर आणि विमा होतो. मॉन्टगोमेरीत चर्चच्या नावावर गाड्या नोंदल्या गेल्या. विहाराच्या नावावर एखादी का नसावी, हा प्रश्न मी आमच्या गावच्या समितीला टाकला आहे. अजून उत्तर नाही. अध्यक्ष म्हणाले, बैठकीत घेऊ.

आमच्या ग्रुपच्या यादीतल्या उरलेल्या आठ गाड्या अजून उभ्याच आहेत. एकीची आरसी मयत वडिलांच्या नावावर आहे, दोघींची कर्जाची नोंद उतरलेली नाही, एकीला ती गाडी पहिल्या पगाराची म्हणून सोडवत नाही. शेवटचं मला पूर्ण समजतं. माझ्या नऊ हजारांच्या स्कूटरवर मी पहिल्यांदा आईला बसवून शहर दाखवलं होतं, आणि तीच मी शोरूममध्ये पाच मिनिटांत सोडून आले.

बहिणीची आरसी तीन आठवड्यांनी पोस्टाने आली. पत्त्यात वस्तीचं नाव आहे. पोस्टमन ती नेहमीप्रमाणे ग्रामपंचायतीसमोरच्या दुकानात ठेवून गेला. दुसऱ्या शिफ्टला निघायच्या आधी तिने गाडी काढली आणि जाऊन घेऊन आली.